शालनची आई

“आई असती तर उवा बघितल्या असत्या,” मी म्हटलं. “ही बाई केसांची लांबी बघतीय.”

इंदूताईंनी माझ्या मांडीवर चापट मारली. “तुझ्या तोंडाला काही धरबंद? पोरीची आई आलीय इतक्या लांबून, आणि तुझं आपलं तिसरंच.”

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. समोर व्हरांड्यात, भेटीच्या बाकावर, शालन पाठ करून बसली होती आणि तिच्या मागं ती बाई. शालनचा शेपटा सोडलेला. बाईनं तो हातात धरला, वर उचलला, खाली सोडला, पुन्हा उचलला. बाजारात दोर घेताना आपण ओढून बघतो ना, तसं. मग शालनचा दंड दाबून बघितला आणि म्हणाली, “वाळलीस गं.”

“बघ, काळजीच आहे,” इंदूताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

इंदूताई आमच्या गृहमाता. त्यांना रडायला कारण लागायचं नाही. आलेली मुलगी बघून रडायच्या, जाणारी बघून रडायच्या, मधल्या वेळात कांदा चिरायच्या.

आमचं गृह म्हणजे शहराबाहेरची एक बंद पडलेली तेलगिरणी. भिंतींना अजून पेंडीचा वास यायचा. विकून, फसवून, लग्नाच्या नावानं आणून पेठेत बसवलेल्या बायकांना पोलीस धाड घालून सोडवायचे आणि कोर्ट त्यांना इथं पाठवायचं. पाटीवर ‘पुनर्वसन’ असा शब्द होता. तो वाचायला मी तिथंच शिकले. आत यायला पोलिसांची गाडी लागायची आणि बाहेर जायला घरचं माणूस. आई, बाप, भाऊ, कुणीही. त्यानं यायचं, कागद दाखवायचे, अधीक्षिका तावरे मॅडमनी अहवाल लिहायचा, कोर्टानं हुकूम काढायचा, मग सुटका. ज्यांचं कुणी येत नसे त्या मुदत संपली तरी राहायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि नव्या पोरींवर डाफरायच्या. मी, हौसा, त्यांच्यातली सगळ्यात जुनी.

आज माझी स्वतःची खानावळ आहे आणि गल्ल्यावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याला मापते. ही सवय पेठेतली. तिथं माणूस जिना चढून वर येईपर्यंत त्याचा हिशेब मांडून ठेवावा लागतो. हा रडणारा, हा मारणारा, हा लग्न करतो म्हणणारा. शेवटचा सगळ्यात वाईट. गृहात आल्यावर गिऱ्हाईक संपलं, विद्या उरली. मग मी गृहातल्यांनाच मांडायला लागले. इंदूताई जमेला, पण ओलसर. तावरे मॅडम अजून ठरायच्या होत्या. शालन सरळ नावे.

शालन वीस वर्षांची होती. आली त्या दिवशी तिनं महिला पोलिसाच्या हाताला चावा घेतला. दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी भिंतीवर मारली, आणि आमटी मी केलेली होती. एवढ्यावर भागलं असतं. पण तिनं माझी गादीखालची मिश्रीची डबी मॅडमना नेऊन दाखवली आणि मला म्हणाली, “हौसे, आता दात कशानं घासशील गं? का पडलेच हायत सगळे?” तेव्हापासून आमच्यात बोलणं असं नव्हतं; होतं ते एकमेकींना लागेल असंच होतं.

आता तिची आई आली होती. म्हणजे ती जाणार होती. खरं तर मला आनंदच व्हायला हवा होता.

“हौसा, चहा!” ऑफिसातून हाक आली.

मी चहा घेऊन गेले. टेबलाच्या अलीकडं ती बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, डोक्यावर पदर, कपाळ पांढरं, गळा मोकळा. नाव सगुणा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते, त्यावर पोट. शालन तिच्या शेजारी उभी.

तावरे मॅडम बारामतीकडच्या. अंगानं बारीक, आवाजानं दणकट. त्या कागद एकेक करून उलटत होत्या.

“रेशनकार्ड ठीक. सरपंचांचा दाखला ठीक. आमचा माणूस तुमचं घर बघून आला, शेजारी म्हणाले मुलगी यांचीच. कोर्टाचा हुकूमही काल आला. सगुणाबाई, ही तुमचीच मुलगी ना?”

“तिलाच इचारा की,” बाई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

“शालन, ही कोण?”

“आई.”

“नक्की?”

“आईला नक्की म्हणून सांगावं लागतंय व्हय?”

मी कप ठेवला आणि खाली बघितलं. बाईनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या. पाय खुर्चीखाली जुळवून ठेवलेले.

“हौसा,” मॅडम म्हणाल्या, “चहा दिलास ना? मग भिंतीला टेका कशाला दिलायस? गिरणी पडत नाही.”

मी बाहेर आले. बाई शालनला घेऊन पुन्हा व्हरांड्यात गेली तशी मी परत आत शिरले.

“मॅडम, ती घरवाली हाय.”

घरवाली म्हणजे पेठेत कोठी चालवणारी बाई. पोरी तिच्या, खोल्या तिच्या, कुलूपही तिचं. हे मॅडमना सांगायची गरज नव्हती.

“कशावरून?”

“टाचांवरून.”

“काय?”

“खुरपणी करणारीच्या टाचेला भेगा पडतात, त्यात माती बसते. ती घासून निघत न्हाई. हिच्या टाचा तुमच्यासारख्या हायत.”

मॅडमनी पाय टेबलाखाली ओढून घेतले. “मग काय करू? कोर्टाला टाचा लिहून पाठवू?”

“तुम्ही अहवाल लिहिलात म्हणून हुकूम निघाला.”

“घर बघितलं, शेजारी विचारले, मुलीला एकटीला बसवून विचारलं. पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी आई म्हणाली. मुलगी सज्ञान आहे, हौसा. ती आई म्हणते, कागद आई म्हणतात, आणि तू म्हणतेस टाचा. मला काही दिसत नाही असं वाटतं का तुला? ती बाई आल्यापासून एकदाही पोरीला जेवलीस का म्हणून विचारलेलं नाही, हे मीपण बघितलंय. पण शंकेवर शिक्का मारता येत नाही. उद्या सकाळी न पाठवलं तर परवा मला कोर्टात उभं करतील, मुलीला डांबून ठेवलं म्हणून.”

“मग पाठवा. आठवड्यात पेठेत बसलेली दिसंल.”

“तुला एवढा कळवळा कधीपासून? परवा तर तिच्या भाकरीत मीठ जास्त घातलंस.”

“कळवळा न्हाई,” मी म्हटलं. “नाटक वाईट असलं की मला बघवत न्हाई.”

“जा इथून,” मॅडम म्हणाल्या. पण त्या कागदांकडं बघत नव्हत्या. खिडकीतून बाकाकडं बघत होत्या.

संध्याकाळी शालन हौदावर आपले कपडे धूत होती. दुसऱ्या दिवशी न्यायचे म्हणून. बाई रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेत मुक्कामाला गेली होती. मी माझं लुगडं घेऊन शेजारच्या दगडावर बसले.

“ती तुझी आई न्हाई.”

“मग तुझी हाय का?”

“कशाचं भ्या घातलंय तिनं? घरच्यांना उचलीन म्हणाली? फोटो दाखवीन म्हणाली?”

“मला भ्या?” शालन हसली. “तुझ्या आमटीला भ्याले न्हाई मी.”

“शालन, मी थट्टा करत न्हाई. ती बाई तुला पुन्हा त्याच जिन्यानं वर नेणार हाय.”

तिनं परकर दगडावर आपटला. पाणी माझ्या तोंडावर उडालं आणि ते चुकून उडालं नव्हतं.

“तुला काय करायचंय गं? तू काय पोलीस हायस का मॅडमची चुगलखोर? तुझ्या जळण्याचा वास गेटापातूर येतोय. मला न्यायला माणूस आलं आणि तुझ्यासाठी इतक्या वर्षात कुत्रं आलं न्हाई, ह्ये दुखणं हाय तुझं.”

“कुत्रं आलं असतं तर मी त्याला आई म्हटलं नसतं.”

तिनं साबणाची वडी मला फेकून मारली. खांद्याला लागली. मी वडी उचलली, माझं लुगडं त्याच वडीनं धुतलं, आणि उरलेली परत दिली नाही.

खरंच तिची जायची इच्छा होती. तेच मला समजत नव्हतं. घाबरलेली पोर मी ओळखते. तिला जेवण जात नाही, नजर दाराकडं असते. शालन दोन भाकऱ्या जास्त खाऊन झोपली.

आमच्या गृहात पाठवणीची एक रीत होती, तावरे मॅडमनी स्वतः पाडलेली. जाणाऱ्या पोरीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. लग्न झालेली, न झालेली, टाकलेली, पळवलेली, सगळ्यांची. “माहेरून चालल्यासारखी जाऊ दे,” मॅडम म्हणायच्या. आम्ही जुन्या बायका त्यावर तोंडात पदर घालून हसायचो. असलं माहेर, भिंतीवर काचा लावलेलं.

आणि न्यायला आई आली असेल तर आईचीही ओटी. मात्र मॅडम आधी विचारून घ्यायच्या. कारण मागं एकदा एका पोरीची विधवा आई आली होती, लातूरकडची. मॅडमनी तिच्यापुढंही खण-नारळ धरला. आमच्याकडं असला भेद नाही म्हणाल्या. ती बाई विस्तव पुढं आल्यासारखी मागं सरली, भिंतीला जाऊन लागली आणि तिथंच खाली बसून रडली. नवरा जाऊन तिला पंधरा-वीस वर्षं झाली असतील. पण हात पुढं आला नाही. तेव्हापासून विधवा आईला नुसती साडी द्यायची असं ठरलं.

सकाळी इंदूताईंनी तबक तयार केलं. एक नारळ, एक खण.

“दुसरा नारळ कुठाय?” मी विचारलं.

“दुसरा कशाला? तिची आई विधवा आहे. साडी काढलीय ना मी.” आणि त्यांना पुन्हा उमाळा आला. “बिचारी. किती सोसलं असेल बाईनं.”

त्या डोळे पुसत होत्या तेवढ्यात मी फळीवरचा नारळ काढला, खणाच्या गठ्ठ्यातला एक खण काढला आणि तबकात तांदळाखाली सरकवला. नारळ काही तांदळाखाली मावेना. तो पदराखाली धरला.

व्हरांड्यात पाट मांडला होता. शालन पाटावर बसली, धुतलेली साडी, घट्ट वेणी, तोंड वाकडं. सगुणाबाई शेजारी हात जोडून उभी. गेटाबाहेर एक जीप येऊन थांबलेली. बाई म्हणाली, भाचा आलाय न्यायला. मॅडमनी तबक घ्यायला हात पुढं केला, मग माझ्याकडं बघितलं. पदराखाली फुगलेलं काहीतरी त्यांना दिसलंच असणार. एवढी बारीक नजरेची बाई.

“तूच धर,” त्या म्हणाल्या.

त्यांनी शालनला हळदकुंकू लावलं, पदरात खण, नारळ आणि ओंजळीनं तांदूळ घातले. “सुखी राहा,” म्हणाल्या. इंदूताईंचं हुंदके देणं सुरू झालं होतं.

मी तबक घेऊन सगुणाबाईकडं वळले. तोंडानं चकार शब्द काढला नाही. विचारलं असतं तर तिनं विचार केला असता. मान खाली घातली, पदराखालचा नारळ काढला, वर खण ठेवला आणि पुढं केला, कामाच्या घाईत करतात तसा.

आणि बाईनं पदर पसरला.

दोन्ही हातांनी, नीट, थोडं वाकून. नारळ घेतला. मी तांदूळ घातले तसा पदर झोळीसारखा सावरला. मी कुंकवाचं बोट उचललं तर हनुवटी आपोआप पुढं आली. त्या पांढऱ्या कपाळावर मी चांगला रुपयाएवढा लाल टिळा लावला. तिनं ओटीतले चार दाणे उचलून परत तबकात टाकले, सवाशीण टाकते तसे, आणि पदर कमरेला खोचला.

पेठेत विधवा नसते. नवराच नाही तर मरणार कोण? दर शुक्रवारी प्रत्येक कोठीत देवीची आरती व्हायची आणि आरती झाली की पोरींनी रांगेनं येऊन घरवालीची ओटी भरायची. मीही भरलेली आहे, दुसऱ्या एका बाईची, कित्येक वर्षं. बाईनं कुंकू पुसलं होतं, गळ्यातलं काढलं होतं, पदर डोक्यावर घेतला होता. हाताला सांगायचं मात्र राहिलं होतं.

इंदूताईंचा हुंदका अर्ध्यात थांबला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तर…”

बाईनं कपाळाला हात लावला. बोट लाल झालं. ते बघून तिला कळलं. पण कच्ची नव्हती ती. “पोरीच्या आनंदात भान न्हाई राहिलं बघा,” म्हणाली, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मी मनातल्या मनात दाद दिली.

“असू दे हो,” तावरे मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. मी त्यांचा गोड आवाज त्याआधी ऐकला नव्हता. “मीही हे भेद मानत नाही. एवढा आनंद आहे तर आता जेवूनच जा. तोवर मी तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना बोलावून घेते. सरपंचांनाही. आणि आमच्या इथल्या ठाण्यातून दोघी महिला पोलीस. पोरीला न्यायला चार माणसं असली तर बरं दिसतं. पवार, गेट लावून घे.”

पवार वॉचमननं गेट ओढलं. त्याचा आवाज मोठा होता. तो आवाज विरायच्या आत बाहेर जीप सुरू झाली. भाचा मावशीला न घेताच गेला.

सगुणाबाईनं जीपच्या धुळीकडं बघितलं, मग मॅडमकडं. आणि तिचा चेहरा बदलला. आतापर्यंतची वाकलेली, गरीब, पदर ओढून घेणारी बाई कुठं गेली कुणास ठाऊक. ती ताठ उभी राहिली. ओटीतला नारळ तिनं काढून बाकावर ठेवला.

“मी हिची कुणी न्हाई,” ती म्हणाली.

“मग आई म्हणून कशाला आलात?”

“मी कुठं म्हटलं? तिनं म्हटलं. तोंडानं मी एकदा तरी म्हटलं का, ही माझी लेक म्हणून? इचारा सगळ्यांना.”

मी आठवून बघितलं. खरं होतं. प्रत्येक वेळी शालनच म्हणाली होती.

“हिनं सांगावा धाडला, मला न्यायला ये म्हणून. मी आले. आई म्हणायची हुशारी हिची. मला काय ठावं, कुठल्या कुठली पोर ही. मी हिला ओळखतबी न्हाई.”

शालन पाटावरून उठली. पदरातला नारळ पडला आणि घरंगळत इंदूताईंच्या पायाशी गेला. तांदूळ सगळीकडं सांडले.

“आक्का,” शालन म्हणाली.

आई नाही. आक्का. पेठेत आपण घरवालीला जे म्हणतो ते.

“आक्का, असं काय करतीस गं?”

बाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती मॅडमना म्हणाली, “मला जाऊ द्या. मला ह्या वयात उन्हाचं बसवत न्हाई.”

“आक्का, मी आत जाते, मी सांगते मॅडमला, तू आईच हायस. मी सांगते की. कागदावर सही करते.”

“गप ए,” बाई म्हणाली. पहिल्यांदाच शालनकडं वळून. “कोण आई? कुणाची आई? तुझ्यापायी मी आत जाऊ व्हय?”

मग पोलीस आले. बाई जाताना चपला घालायला थांबली, एका हातानं भिंत धरून, शांतपणे. आमच्यापैकी कुणाकडं बघायचं तिला कारण नव्हतं. पुढं तिच्यावर केस झाली, दाखला आणि शेजारी पैसे देऊन उभे केलेले निघाले, ती कोर्टात तारखांना यायची असं ऐकलं. ते त्यांचं ते.

ती गाडीत बसेपर्यंत शालन गेटाला धरून उभी होती. गाडी गेली तशी ती वळली आणि सरळ माझ्याकडं आली. मी तांदूळ गोळा करत होते. तिनं मला उठवलं नाही. बसलेलीच्याच कानाखाली मारली. तबक उलटं झालं.

“शालन!” मॅडम ओरडल्या.

“मला ठाऊक नव्हतं व्हय ती कोण हाय?” शालन मला म्हणाली. मॅडमकडं तिनं लक्षच दिलं नाही. “तुलाच तेवढे डोळे दिलेत व्हय देवानं? माझी आई कुठं हाय सांगू? गावाला हाय. धडधाकट हाय. पेठेतनं एकदा जत्रंला गेले होते मी, साडी घेऊन, तिच्यासाठी. दारात उभी राहिले. म्हणाली, आम्ही तुझं दिवस घातलेत. गावजेवण घातलंय. म्हणाली, आता जित्ती कशी झालीस? पाणीबी दिलं न्हाई. उंबऱ्यावरची साडी बापानं पायानं ढकलली.”

इंदूताईसुद्धा रडत नव्हत्या.

“ती मारायची मला. चटका दिलाय तिनं, ह्यो बघ. पण ताप आला की उशाशी तीच बसायची. मला टायफॉईड झाला तेव्हा जमिनीवर निजली माझ्याजवळ. आणि आता आली का न्हाई? कुणी आलं नसतं, ती आली. मी काय हुरळून चालले होते? मला ठावं हाय कुठं चालले होते ते. तू गप बसली असतीस, हौसे, तर मला एक आई होती. खोटी होती. होती तरी.”

मला उत्तरं दोन-तीन सुचली, सगळी बरोबर होती आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. मॅडमनी मला विचारलं, “लागलं का?” मी म्हटलं, “हिच्या हातात काय जोर?” आणि आत जाऊन कानावर थंड पाण्याचा हात धरून बसले. बराच वेळ घुमत होतं.

त्यानंतर शालननं मला शिवी देणंसुद्धा सोडलं. मी वाढलेलं घ्यायची नाही. इंदूताईंनी वाढलं तर खायची. मी मीठ कमी घातलं काय, जास्त घातलं काय, तिला फरक पडत नव्हता. तिला कुणी न्यायला येणार नाही हे आता गृहात सगळ्यांना माहीत झालं होतं आणि सगळ्या तिच्याशी मऊ वागायला लागल्या होत्या. त्याचा तिला संताप यायचा. एकीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर तिनं तिचं बोट पिरगाळलं.

मग रविवार आला. भेटीचा दिवस. दुपारी शालननं वेणी घातली, धुतलेली साडी नेसली आणि जाऊन भेटीच्या बाकावर बसली. कुणी येणार नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं. तरी गेटाकडं तोंड करून ताठ बसली होती, जणू बघणाऱ्यांना सांगत होती, या, काय कीव करायची ती करा. आतून बायका दाराआडून बघत होत्या. कुणाची पुढं जायची छाती नव्हती.

मी हात पुसले आणि जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“ऊठ,” ती समोर बघत म्हणाली. “ह्ये भेटायला येणाऱ्यांचं बाक हाय.”

“आलेय की भेटायला.”

“कुणाला?”

“तुला. दुसरं हाय कोण इथं?”

मग तिनं मला शिव्या घातल्या. दमानं, न थांबता, माझ्या सात पिढ्यांना धरून. चांगल्या घातल्या, त्यातली एक तर मी पेठेतही ऐकली नव्हती. मी ऐकून घेतलं. मधे एकदा म्हटलं, “ती पुन्हा म्हण, नीट ऐकू आली न्हाई. ह्या कानानं कमी येतंय अजून.” तिनं पुन्हा म्हटली.

शिव्या संपल्या. गेटावर पवार पेंगत होता. दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ आला, भेटला, गेला. ऊन व्हरांड्यात आमच्या पायांपर्यंत आलं आणि शालननं पाय आखडून वर घेतले. मला वाटलं आता उठेल. मी वाट बघत होते, उठली की मीही उठणार.

“भेटायला येणारी माणसं,” ती गेटाकडं बघत म्हणाली, “हात हलवत येत न्हाईत. खायला घेऊन येत्यात.”

“काय आणू?”

“मला काय इचारतीस? पाहुणी तू हायस.”

इंदूताईंनी शेंगदाण्याचे लाडू करून कपाटात ठेवले होते, कपाटाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि त्या दुपारच्या झोपल्या होत्या. मी उठले आणि चोरी करायला आत गेले.